काकांना न येणारा वास

सगळा कारखाना त्यांना काका म्हणायचा. मॅनेजरसुद्धा, आणि मॅनेजर काकांपेक्षा चार वर्षांनी मोठे होते.

आमच्याकडे सिंगल माल्ट व्हिस्की बनायची. म्हणजे सगळी बार्लीची, एकाच भट्टीची, दुसऱ्या कुणाची त्यात सरमिसळ नाही. तिच्यातली उंची व्हिस्की जुन्या पिंपांत मुरायची. त्या पिंपांत आधी शेरी नावाची गडद, गोडसर वाईन ठेवलेली असे. वाईन काढून घेतली तरी लाकूड तिला विसरत नाही. बारा, पंधरा, अठरा वर्षं व्हिस्की त्या लाकडाशी बोलत बसते आणि जे मिळेल ते घेते. कुठलं पिंप तयार झालं, कुठलं अजून थांबवायचं, कुठलं एकटंच बाटल्यांत भरण्याच्या लायकीचं आणि कुठलं इतरांत मिसळून टाकायचं, हे काका ठरवत. नाकाने आणि जिभेने.

मी शेजारच्या प्रयोगशाळेत. अल्कोहोल किती, आम्लता किती, हे मोजायला माझ्याकडे यंत्रं होती. दोन खोल्यांच्या मधे काचेची खिडकी होती, तिच्यातून मी अकरा वर्षं त्यांना पाहत होते. त्यांच्या खोलीला पडदे नव्हते, कारण पडदे वास धरून ठेवतात. पेले तोंडाशी निमुळते आणि निळ्या काचेचे, रंग पाहून मन आधीच फितूर होऊ नये म्हणून. प्रत्येक पेल्यावर काचेची झाकणी. काका व्हिस्कीत पाणी घालायचे, झाकणी उचलून तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचे, पेला ठेवून खिडकीबाहेर पाहायचे, मग पुन्हा. शेवटी एक घोट. तो जिभेवर फिरवून स्टीलच्या भांड्यात थुंकून टाकायचे आणि पेन्सिलीने लिहायचे. पेनाच्या शाईला वास असतो. "मनुका. अक्रोडाची साल. संत्र्याची वाळलेली साल. जुन्या चामडी दप्तराचं आतलं अस्तर." पुढे शंभरपैकी गुण. खाडाखोड कधी नाही.

बाविसाव्या वर्षी ते गोदामात पिंपांवर आकडे रंगवायच्या कामाला लागले होते. तेव्हाचे पारखी, ज्यांना आम्ही पुढे थोरले पारखी म्हणू लागलो, एकदा दोन नमुन्यांच्या चिठ्ठ्या हरवून बसले. आकडे रंगवणाऱ्या या पोरसवदा माणसाने दोन्ही हुंगले आणि सांगितलं, "हा खालच्या ओळीतला, भिंतीकडचा. तिथे ओल असते." तपासलं तर तसंच. थोरल्यांनी त्यांना हाताखाली घेतलं आणि आठ-दहा वर्षांनी आपल्या खुर्चीत बसवलं.

त्या नाकापायी घरच्यांनी काय काय सोसलं ते काकूंनी मला एकदा सांगितलं होतं. सव्वीस वर्षं घरात बिनवासाचा साबण. सोमवार ते शुक्रवार लसूण नाही, तळण नाही. मुलगी नखांना रंग लावायची तो शेजारणीच्या गॅलरीत बसून. काकू हे तक्रारीने सांगत नव्हत्या. नवरा सैन्यात असलेली बाई जशी सांगेल, तसं थोडं मिरवूनच सांगत होत्या.

कारखान्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा एक खास पिंप निवडायचं ठरलं. काकांनी अठरा वर्षांचं एक शेरीचं पिंप काढलं आणि त्याला चौऱ्याण्णव गुण दिले. एवढे त्यांनी कधीच कुणाला दिले नव्हते. सहाशे बाटल्या भरल्या. लेबलावर त्यांची सही छापली आणि सहीच्या वर त्यांच्या अहवालातला एक शब्द: निर्दोष. बाहेरच्या एका स्पर्धेत तिला रौप्यपदकही मिळालं. काका आठवडाभर नेहमीपेक्षा थोडे उंच दिसत होते.

त्यातली एक बाटली त्यांना भेट मिळाली. एका रविवारी दुपारी मुलीच्या सासरची मंडळी जेवायला आली, तेव्हा जावयाने ती हौसेने उघडली. मुलीची सासू, म्हणजे विहीणबाई, एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्या पीत नसत.

"प्यायचं नाही हो," काका म्हणाले, "नुसता वास तर घ्या. अठरा वर्षं मुरलीय."

विहीणबाईंनी वास घेतला आणि पेला जरा लांब धरला. "कुणी काडी ओढली का इथे?"

"काडी?"

"काडी ओढून विझवली की येतो ना, तसा वास आहे. नाहीतर अंडी फार उकडली आणि झाकून ठेवली की येतो तसा."

"मनुका असतील त्या," काका समजुतीने म्हणाले. "सवय नसली की नाव सापडत नाही."

"मनुका मला कळतात, व्याहीबुवा. मनुका मागे आहेत. पुढे काडी उभी आहे."

"आई, अगं तिला पदक मिळालंय," जावई घाईघाईने म्हणाला.

"मिळालं असेल. मला पदकाचा वास येत नाही, याचा येतोय."

सगळे हसले. काकाही हसले. मंडळी गेल्यावर त्यांनी स्वतः वास घेतला. मनुका, अक्रोड, संत्रं. काडी कुठे नव्हतीच. मग त्यांनी काकूंना बोलावलं. सव्वीस वर्षांत काकूंनी नवऱ्याच्या कामाचा वास एकदाही घेतला नव्हता, कारण काका कामाचं घरी आणत नसत. काकूंनी पेला नाकाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला.

"बोल की."

"अहो, येतोय."

"काय येतोय?"

"त्या म्हणाल्या तेच. काडी."

काका स्वयंपाकघरात गेले. त्यांनी काडेपेटी घेतली, एक काडी ओढली, फुंकून विझवली आणि हुंगली. वास आला, लख्ख आला. दुसरी ओढली, तिचाही आला. लगेच पेला हुंगला: मनुका. आठ काड्या झाल्यावर काकूंनी त्यांच्या हातातून पेटी काढून घेतली.

सोमवारी ते त्याच पिंपाचा राखून ठेवलेला नमुना घेऊन माझ्याकडे आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "हुंग. काय येतं सांग."

मी हुंगलं. आधी काही नाही. मग काहीतरी जळकं आल्यासारखं वाटलं. पुन्हा घेतला तर नाही.

"काका, आधी आला. आता नाही."

"आला की आल्यासारखं वाटलं?"

"तेच कळत नाही."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्याशी परक्या भाषेत बोलत होते. मग पेल्यावर झाकणी ठेवून ते निघाले. गोदामवाला, टायपिस्टबाई, ड्रायव्हर, बाटल्या खोक्यांत भरणाऱ्या बायका, सगळ्यांपुढे त्यांनी तो पेला धरला. मी मागून वही घेऊन. तेरा जणांपैकी आठ जणांना काहीतरी आलं. कुणाला काडी, कुणाला जळकं रबर, कुणाला कोबी उकडलेलं पाणी. ड्रायव्हर म्हणाला, "उतारावर ब्रेक फार दाबला की येतो, तो." उरलेल्या पाच जणांना व्हिस्की छान वाटली. फाटकावरच्या वॉचमनने मात्र पेला न हुंगताच विचारलं, "तुम्हाला कुठला यायला हवाय, काका? तो येतोय." त्याला आम्ही हिशेबात धरलं नाही.

दुपारपर्यंत कारखानाभर झालं होतं की काकांच्या विहिणीने काडी लावली.

मॅनेजरांनी वास घेतला. त्यांना काहीच आलं नाही, आणि आश्चर्यही वाटलं नाही. "गंधक असेल," ते म्हणाले. "रिकामी पिंपं दूर पाठवताना आत बुरशी धरू नये म्हणून गंधकाची वात जाळतात. ते थोडं लाकडात राहतं, व्हिस्कीत उतरून जरा बदलतं. काही नाकांना येतं, काहींना जन्मभर येत नाही. काही लोकांना तर आवडतंसुद्धा."

"मग तो दोष आहे की नाही?"

"ज्याला येतो त्याला दोष."

"आणि मला?"

"तुम्हाला येत नाही ना? मग झालं तर."

काकांचं त्या "झालं तर"ने काहीच झालं नाही. पुढचे नऊ दिवस त्यांनी एकाही नमुन्याला गुण दिले नाहीत. खिडकीतून मला दिसायचं: झाकणी उचलायची, हुंगायचं, पेन्सिल उचलायची, ठेवायची. टेबलावर पेल्यांची रांग लागली. एकदा मी आत गेले तर म्हणाले, "हे बघ, आंधळ्याला कळतं की आपल्याला दिसत नाही. बाकीचे बोलतात, तो ठेचकाळतो. मी कुठे ठेचकाळलो? मला तर सगळं नीट येत होतं." मग म्हणाले, "आता मनुकासुद्धा खरी येतेय की सवयीने, कोण सांगणार?"

माझी यंत्रं मनुका मोजत नाहीत.

घरी काकूंनीही प्रश्न विचारला होता. रागावून नाही, खरोखर कळत नव्हतं म्हणून. "म्हणजे मी बिनवासाच्या साबणाने आंघोळ केली त्याचा उपयोग झाला की नाही?" दुसऱ्या दिवशी काकूंनी बाजारातून गुलाबाच्या वासाचा साबण आणला, न्हाणीघरात ठेवला आणि दोन दिवस तसाच ठेवून परत कपाटात टाकला.

शेवटी काका म्हणाले, "थोरल्यांकडे जाऊन येऊ. तू चल."

"मी कशाला?"

"मी एकटा गेलो तर हवापाण्याच्या गप्पा मारून परत येईन."

थोरले पारखी सत्त्याऐंशीचे झाले होते. लेकीकडे दुसऱ्या मजल्यावर राहायचे. खिडकीशी आरामखुर्चीत, मांडीवर लोकरीचं पांघरूण, ऐकायला कमी. काकांनी आधी तब्येत विचारली, मग पाय कसे आहेत विचारलं, मग चष्म्याचा नंबर. मी काकांच्या कोपराला धक्का दिला. तेव्हा कुठे त्यांनी पिशवीतून नमुन्याची बाटली काढली.

थोरल्यांनी हुंगलं. चेहरा खुलला. "वा! संत्रं बघ कसं आहे. कितवं वर्ष?"

"अठरावं. आठ लोक म्हणतात, याला विझलेल्या काडीचा वास येतोय."

"काय?"

"काडीचा! गंधकाचा!"

"हां, तो," थोरले शांतपणे म्हणाले. "तो मला येत नाही. कधीच येत नव्हता."

काका पुढे सरकले. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला मावशीने सांगितलं. पिंपं धुणारी मावशी, आठवते ना? एकदा एका पिंपाला मी म्हटलं, फक्कड आहे. ती म्हणाली, साहेब, हे नासलंय. मी म्हटलं, तुला काय कळतं. तिने दुसऱ्या पिंपात डोकं घालायला लावलं, तिसऱ्यात लावलं. मला तिन्ही सारखी. तिला दोन चांगली, एक नासकं. चार दिवस हेच चाललं. मग ठरलं, शेरीचं पिंप आलं की आधी तिने डोकं घालायचं. वास आला की खडूने फुली मारायची. फुलीवालं पिंप आपण उंची व्हिस्कीला घ्यायचं नाही."

"त्या फुल्या..." काका म्हणाले. "मला वाटायचं ती धुतलेली पिंपं मोजतेय."

"मोजायला फुली कशाला? आकडे नाहीत का?"

"आणि मावशी गेल्यावर?"

"गेल्यावर वाफेचं मशीन आलं. ते धुतं छान."

"पण हुंगत नाही ना!"

थोरल्यांना ते ऐकू आलं की नाही कळलं नाही. ते पेला पुन्हा नाकाशी धरून बसले होते. जरा वेळाने म्हणाले, "मला वाटलं तुला तो येत असेल. तू माझ्यापेक्षा तयारीचा. तू कधी सांगितलं नाहीस."

"मला येत नाही हे मला येत नसताना मी कसं सांगणार?"

"तेही खरं," थोरले म्हणाले. "मीही विचारायला हवं होतं. राहून गेलं."

निघताना काका दारात थबकले. "बाईला विचारून काम करायचं, तुम्हाला लाज नाही वाटली?"

"वाटली की," थोरले म्हणाले. "पहिला आठवडा."

परतताना बसमध्ये काका बराच वेळ पुढच्या सीटची दांडी धरून बसले होते. मग एकदम म्हणाले, "मावशीला जाऊन चोवीस वर्षं झाली. किती पिंपं गेली असतील त्यात तसली?"

"आता कसं कळणार?"

"आणि ज्यांनी ती विकत घेऊन छान म्हटलं, ते माझ्यासारखेच की काय? म्हणजे मी निवडलं ते माझ्यासारख्यांनी प्यायलं, मला शाबासकी दिली, आणि बाकीच्यांनी निमूटपणे दुसरी बाटली घेतली?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण मग त्या पिंपात मला जे संत्रं येतं, ते खोटं का? थोरल्यांनाही आलं."

"खोटं नाही, काका."

"मग निर्दोष हा शब्द खोटा. की तोही अर्धा खरा?"

दुसऱ्या दिवशी ते मॅनेजरांकडे गेले आणि म्हणाले, यापुढे शेरीचं प्रत्येक पिंप आधी तीन जण हुंगतील, ज्यांना तो वास येतो असे. मग ते काकांकडे येईल. मॅनेजर कातावले. "बाहेर कळलं तर आपलं नाक कापलं जाईल."

"कापायला नाक आहे कुठे?" काका म्हणाले. "तेच तर सांगतोय."

बराच काथ्याकूट झाला. मॅनेजर तीन नाकांना तयार झाले. पन्नास वर्षांच्या बाटलीचा मात्र विषय नको, म्हणाले. काका उठेनात. दोनशेच्या वर बाटल्या अजून गोदामात होत्या. शेवटी त्यांच्यावरचं लेबल बदललं. सही राहिली, निर्दोष गेलं. ज्या विकल्या गेल्या होत्या त्यांचं काही करता येण्यासारखं नव्हतं. काकांनी विचारलं होतं, मॅनेजर नुसते वर छताकडे बघत राहिले.

टायपिस्टबाई, ड्रायव्हर आणि खोकी भरणारी एक बाई, अशी तीन नाकं ठरली. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तिघं रांगेत बसायची. बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही, वास आला तर समोरचा लाल पुठ्ठा उलटा करायचा. काकांनी विहीणबाईंनाही विचारून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "व्याहीबुवा, मी एकतीस वर्षं मुलांकडून व्यसनांवर निबंध लिहून घेतले. आता माझेच विद्यार्थी मला फाटकावर भेटायचे." पण नंतर जेव्हा जेव्हा येत, तेव्हा स्वतःहून विचारत, "काय म्हणतात काड्या?"

यामुळे काका सुटले असं मात्र झालं नाही. गंधकाचं काम तीन नाकांनी उचललं, पण बाकी सगळंच त्यांना डळमळीत वाटू लागलं. काच वाजवून मला बोलवायचे. "यात संत्रं आहे का?" मी म्हणायचे, मला कळत नाही. "लवंग?" नाही कळत. पूर्वी त्यांनी कुणाला असं कधी विचारलं नव्हतं. कागदांवर खोडरबराचे डाग पडू लागले. गुण सगळे सत्तर ते ऐंशीच्या आत; पंचाहत्तरच्या खाली जायला भीती, वर जायला त्याहून जास्त. मॅनेजर म्हणाले, हल्ली आपली सगळी पिंपं एकाच वर्गात पास होताहेत. सहा-सात महिने असं चाललं. मग हळूहळू, केव्हा ते मला सांगता येणार नाही, एखादा अठ्ठ्याऐंशी दिसू लागला, एखादा बावन्न. कागदाच्या तळाशी मात्र ते एक ओळ लिहू लागले होते: "हे माझ्या नाकापुरतं."

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना पंधरा वर्षांचं एक पिंप आलं. तीन नाकांनी ते स्वच्छ ठरवलं. काकांनी हुंगलं आणि थांबले. पाणी घालून पुन्हा हुंगलं. मग त्यांनी मला बोलावलं.

"पाटीचा वास येतोय."

"कसली पाटी?"

"शाळेतली. दगडी. ओल्या फडक्याने पुसल्यावर येतो तो. मनुकांच्या अगदी मागे, शेवटी."

मला आला नाही. तीन नाकांना परत बोलावलं. त्यांनी पेला तळहाताने गरम करून, पाणी वाढवून, सगळं करून पाहिलं. नाही. मॅनेजर आले, त्यांनाही नाही. सगळे गेल्यावर काका पेल्यापुढे एकटेच बसून राहिले. अर्ध्या तासाने काचेवर टकटक.

"तो आहे की नाही?"

"तुम्हाला येतोय ना?"

"येतोय. पण तेव्हा मला येत नव्हता आणि तो होता. आता मला येतोय, तर तो असेलच कशावरून?"

मी म्हटलं, उद्या बघा. दुसऱ्या दिवशी ते माझ्या आधी आले होते. मी खिडकीतून पाहिलं तर झाकणी उचललेली, डोळे मिटलेले. "अजून आहे," ते म्हणाले. ते खूश होते की काळजीत, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नाही. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि लिहिलं: मनुका, बदाम, शेवटी ओली पाटी. गुण जेवणानंतर भरले. शहाऐंशी.

ते पिंप त्या हिवाळ्यात बाटल्यांत भरलं. ग्राहकांची पत्रं कचेरीत येत, ती काकांनी मागवून घेतली आणि एकूण एक वाचली. चौघांनी मनुका लिहिल्या होत्या, दोघांनी बदाम, एकाने त्याच्या आजोबांचं कपाट. पाटी कुणीच लिहिली नव्हती. काकांनी पत्रं नीट घडी घालून मला परत दिली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," ते म्हणाले, "होता तो." आणि खांद्यावर टॉवेल टाकून पेले धुवायला गेले.